ताटाबाहेरचा भात

अप्पांच्या वृद्धाश्रमात भेटीची वेळ चार ते सहा होती. त्या एका नियमावर माझा अजून राग आहे. चार ते सहा म्हणजे चहाची वेळ, आणि चहा पिताना माणूस कसा जेवतो ते कुणाला कळत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय सत्त्याऐंशी. जन्म काशीतल्या दुर्गाघाटावरचा, सगळी नोकरी संस्कृत पाठशाळेत. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं आणि तसंच गल्ल्यांतून रस्त्यापर्यंत नेलं, कारण आमच्या दारात अँब्युलन्स येऊच शकत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आता जिने विसरा. घरात मी एकटी, माझेच गुडघे कुरकुरतात, त्यांना उचलणार कोण? म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे गाडी दारापर्यंत जाते असा हा आश्रम शोधला. चांगला होता, खोटं कशाला बोलू? फरशी लखलखीत, व्यायाम करून घ्यायला रोज माणूस, संध्याकाळी हॉलमध्ये सगळे मिळून भजनं म्हणत.

दाखल करताना त्यांनी माझ्याकडून चार पानी फॉर्म भरून घेतला. झोप कशी लागते, ऐकू येतं का, टीव्हीवर काय बघायला आवडतं, साबण कुठला. जेवणापुढे तीन चौकोन होते: स्वतः जेवतात, थोडी मदत लागते, भरवावं लागतं. मी पहिल्यावर खूण केली आणि पान उलटलं.

रोज चारला जायची. जेवण झालं का विचारलं की अप्पा म्हणत, "झालं." मला तेवढं पुरे व्हायचं. चेहरा उतरलेला दिसत होता, पण मी तो खुब्याच्या खात्यावर टाकला.

तिसऱ्या आठवड्यात संचालिकाबाईंनी बोलावून घेतलं. बाई मऊ बोलणाऱ्या, त्यामुळे आणखीच धडकी भरली. बाबूजींचं वजन उतरतंय, भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटून घेतात, डॉक्टर म्हणालेत की चार दिवसांत फरक पडला नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मी विचारलं, भरवायला कशाला गेलात? ते आपल्या हातानं जेवतात. त्यांनी आयांचं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं.

पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'मेज पर पानी गिराते हैं, चावल थाली से बाहर गिराते हैं.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, 'समझाने पर भी गिराते हैं. पूछो तो जवाब नहीं देते.' चौथ्या दिवसापासून त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर हलवलं होतं. तिथे गळ्यात फडकं बांधून पातळ खिचडी चमच्यानं भरवतात.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अप्पा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवतात. उजव्या हाताला, ताटाच्या बाहेर, भाताची चार-पाच शितं ओळीनं ठेवतात, त्या चित्राहुती. मग तळहातावरचं पाणी पिऊन पहिला घास. आणि हात धुवेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. मुंज झाल्यापासून त्यांनी हे एक दिवसही चुकवलेलं नाही, तापातसुद्धा नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच चालतं. हे फॉर्ममध्ये लिहायचं असतं हे मला सुचणार कसं?

मी बाईंवर आवाज चढवला. म्हटलं, ही काशी आहे की काय आहे? इथे जेवणापूर्वी पाणी फिरवणारा माणूस तुमच्यापैकी एकीलाही ओळखू येऊ नये? बाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या की त्यांचे आजोबाही हे करायचे, दोघी आयांच्या घरीही करतात. "लेकिन वे तो ज़मीन पर बैठकर करते थे, दीदी. मेज पर हमने कभी देखा नहीं."

जे पाटावर पाहून त्यांनी हात जोडले असते, तेच प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर पाहून त्यांनी फडकं आणलं. आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या पंडिताच्या गळ्यात लाळेरं बांधलं. राग त्यांचा यावा तर मी कोण मोठी शहाणी? माझी खूण अजून त्या फॉर्मवर होती.

एक मात्र खरं, बाईंनी चूक कबूल केली आणि मी म्हणेन ते करायला तयार झाल्या. मी तिथेच बसून हिंदीत कागद लिहिला: बाबूजी पाणी फिरवतील, भात ठेवतील, बोलणार नाहीत, जेवण संपेपर्यंत काही पुसू नये. तो डॉक्टरांना वाचून दाखवला. सकाळच्या पाळीच्या आयांना समजावला, थांबून संध्याकाळच्याही. अप्पांना पुन्हा पहिल्या जागी बसवायचं ठरलं, आणि तिथल्या खुर्चीमागच्या भिंतीवर मी तो चिकटवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला खास परवानगी मिळाली आणि पहिल्यांदाच मी जेवणाच्या वेळी आत गेले.

ताट आलं. वरण, भात, परवलची भाजी. गळ्यात फडकं नव्हतं. अप्पांनी ताटाकडे बराच वेळ बघितलं, मग पेल्यातलं पाणी हातावर घेऊन फिरवलं. पाण्याची रेघ पूर्ण झाली. एक एक करून शितं ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारचं टेबल पुसायला एक आया फडकं घेऊन आली. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. कागद तिला पाठ होता. अप्पांनी मात्र पाहिलं. त्यांनी घाईघाईनं ती शितं वेचली आणि तोंडात टाकली, खांद्यावरच्या पंच्यानं टेबलावरचं पाणी टिपलं. मग जेवताना कधीही न बोलणारे माझे वडील तिला म्हणाले, "गिर गया था, बेटी. अब नहीं गिराऊँगा."

आणि हात मांडीवर ठेवून त्यांनी तिच्यापुढे तोंड उघडलं.

कागद त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर होता. मी तो सगळ्यांना समजावला होता. अप्पांना सांगायचं राहिलं होतं.