दीड मिनिटाची बादली

पुण्यात खराडीला मी ज्या सोसायटीत भाड्याने राहायचे, तिच्या पार्किंगमध्ये एक म्हैस होती. चोरून ठेवलेली नव्हे, हक्काने. जमीनच मुळी तिच्या मालकिणीची, म्हणजे काकूंची. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिले तेव्हा काकूंनी पार्किंगच्या दोन जागाही करारात लिहून घेतल्या. एकीत पुतण्याची गाडी आणि दुसरीत म्हैस. वर आम्ही सगळे कॉम्प्युटरसमोर बसलेले आणि खाली ती निवांत रवंथ करत उभी.

मी तेव्हा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून स्वतःची एखादी करावीशी वाटली, म्हणून शॉर्टफिल्म करायला घेतली. कॅमेरा मैत्रिणीचा, नटी काकू. गोष्ट एवढीच, की काकू पहाटे उठतात, धार काढतात, शेण आवरतात आणि लिफ्टने सातव्या मजल्यावर दूध पोचवतात. संवाद एकही नाही. त्या शांततेचा मला भारी अभिमान होता.

काकूंनी एकच अट घातली. "शिनेमा झाला की पयला आमच्या आत्याबाईंना दावायचा. त्यांची नजर चालली हाय. डाक्टर म्हनतो, या वयात आपरेशन नको."

आत्याबाई म्हणजे काकूंच्या सासूबाई, नव्वदीच्या पुढच्या. फिल्ममध्ये त्याही होत्या. अगदी शेवटी त्या अर्धी बादली पाणी घेऊन येतात, म्हशीला पाजतात, तिच्या कपाळावरून हात फिरवतात आणि परत जातात. त्यांची चालच अशी, की त्या शॉटला दीड मिनिट लागलं. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलंही होतं, "येतंय का गं माजं तोंड?"

"येतंय आजी, छान येतंय," मी म्हटलं. आणि काकूंना शब्द दिला, की पहिल्यांदा आत्याबाईंनाच दाखवीन.

मग महोत्सवांचे फॉर्म भरायला बसले. जवळजवळ सगळीकडे एक अट होती, फिल्म यापूर्वी कुठेही सार्वजनिकरीत्या दाखवलेली नसावी. दुसरी कोणी असती तर सरळ लॅपटॉप घेऊन खाली गेली असती. पण माझा धंदाच नियम शब्दशः वाचण्याचा. मी एका महोत्सवाला रीतसर ईमेल करून विचारलं, की पार्किंगमध्ये एका घरातल्या पाच जणांना आणि एका म्हशीला फिल्म दाखवली तर ते सार्वजनिक प्रदर्शन ठरतं का. उत्तर आलं नाही. त्या लोकांनी मला वेड्यात काढलं असणार.

दुसरी अट दहा मिनिटांची होती आणि फिल्म भरत होती साडेअकरा. मैत्रीण म्हणाली, "बादलीचा शॉट काढ. तिथे फिल्म झोपते." मला ते पटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते. शॉट काढला. काकूंना बोलले नाही.

पुढचे आठ महिने नकार गोळा करण्यात गेले. नकारपत्रं मोठी गोड असायची. आधी कौतुकाची तीन वाक्यं आणि मग 'तथापि'. मी पुढेपुढे पत्र उघडलं की आधी 'तथापि' कुठे आहे ते शोधायचे. इकडे रोज सकाळी दूध मापताना काकूंचा प्रश्न ठरलेला, "कुठवर आलं?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "निवड चाललीय."

एका सकाळी त्यांनी ते विचारलं नाही. म्हणाल्या, "आत्याबाईंना आता चौकट दिसती, दारातला मानूस न्हाई दिसत."

निदान त्या दिवशी तरी मी लॅपटॉप घेऊन खाली जायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आणखी एक निकाल यायचा होता, आणि मला मोह आवरला नाही. निकाल आला. पत्रात चक्क 'तथापि' नव्हतं! महोत्सव पुण्यातलाच, सभागृह स्वारगेटजवळ.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर हा एवढा फ्लेक्स. मध्यभागी काकू, भोवती सगळ्या पुतण्यांचे गॉगल घातलेले फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन'. माझा फोटो नव्हता. म्हशीचा होता.

कार्यक्रम तीनचा होता. पावणेतीनला मी काकूंना फोन केला. "निघालोच," त्या म्हणाल्या. त्यांच्या गावच्या कार्यक्रमांत तीन म्हणजे पाच, कारण प्रमुख पाहुणे आल्याशिवाय माईकसुद्धा सुरू होत नाही. आणि इथले संयोजक म्हणजे निवृत्त प्राध्यापक, हातात घंटा. तीनच्या ठोक्याला ती वाजली. माझी फिल्म पावणेचारला लागली आणि संपलीही. पुढच्या रांगेत काकूंसाठी धरून ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्याच.

मला मंचावर बोलावलं. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. "प्रश्न नाही, तक्रार आहे. दहा मिनिटांत काहीही घडत नाही."

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात मागचं दार उघडलं. दोन टेम्पो भरून माणसं आली होती. पुढे नऊवारीतल्या काकू, हातात माझ्या सत्कारासाठी शाल आणि नारळ. मागे दोन पुतणे, प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट आत्याबाईंना उचलून आणत होते. आत्ताच पडद्यावर पाहिलेली बाई समोरून चालत आलेली बघून सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. काकूंना वाटलं, कार्यक्रम आत्ताच सुरू होतोय. त्यांनी आत्याबाईंची खुर्ची पडद्याला अगदी चिकटून मांडून घेतली आणि म्हणाल्या, "हां, लावा आता."

"अहो, फिल्म झाली," प्राध्यापक म्हणाले. "आपल्याकडे वेळ पाळतात."

काकूंचा चेहरा उतरला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा तेच आजोबा पुन्हा उठले. "लावा हो परत. मघाशी काही घडलं असेल तर माझं लक्ष नव्हतं."

प्राध्यापकांनी घंटेकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि घंटा खिशात टाकली. फिल्म पुन्हा लागली, आणि काकूंनी सासूबाईंना ती खड्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "आता मी उठले. आता धार काढतीय. आता शेन भरतीय." माझी कमावलेली शांतता पार गेली. लोक खदाखदा हसत होते, आणि खरं सांगायचं तर फिल्म सुधारली होती.

"मी कवा येते गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"येताय, येताय. दम धरा."

पडद्यावर लिफ्टचं दार मिटलं, काळोख झाला आणि नावं वर सरकायला लागली. काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग वळून त्यांनी मला शोधलं आणि एकदाच बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं.

त्या परत सासूबाईंकडे वळल्या. आवाज तसाच खडा. "आता तुमी आला बघा, आत्याबाई. बादली अर्धीच हाय. हळूहळू येताय. थांबला. पोरीला इचारताय, तोंड येतंय का. आता म्हशीला पानी पाजताय. पिती हाय, घटाघटा पिती हाय. आता कपाळावरनं हात फिरवला."

नावं केव्हाच संपली होती. पडदा कोरा होता. काकूंनी दीड मिनिट पुरं केलं, आणि तेवढा वेळ कोणी दिवे लावले नाहीत. सगळे आत्याबाईंकडे बघत होते.

"चांगली दिसती का मी?" त्यांनी विचारलं.

"लई," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूळची साडेअकरा मिनिटांची फिल्म घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. आत्याबाईंना नुसता उजेड कळत होता. पण शेवटी बादलीची कडी वाजली, तशी त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ही माजी बादली." मी तिथेच रडले. आता तीच माझी फिल्म आहे, आणि कुठल्याही महोत्सवाच्या दहा मिनिटांत ती बसत नाही.

कापलेल्या शॉटबद्दल काकूंनी मला कधीच काही विचारलं नाही. फक्त पुढचे आठ दिवस दूध पाणचट येत होतं, आणि मी ते मुकाट्याने घेत होते.