केसाएवढी तार

अर्जुनी मोरगावच्या एसटीत शेजारच्या मुलीनं वेणीतला केस उपटून मला दाखवला.

"आमच्या लॅबमधली तार एवढीच बारीक आहे जी. टोकाला एंझाइमचा लेप देऊन उंदराच्या मेंदूत बसवतो. ठरावीक रसायन वाढलं का बारीक करंट येते. पण लेप टिकूनच नाही राहिला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काय? अजून येऊन राहिला करंट? म्हंजे या वेळेस लेप टिकला!" ती ओरडलीच.

सगळी गाडी वळून पाहू लागली. पुढच्या सीटवरच्या आजीनं विचारलं, "उंदराच्या डोक्यात तार कायले टाकता वं?"

"मिरगीचा झटका येण्याआधी मेंदू सांगूनच राहते, आजी. आपल्यालेच आयकू येत नोयतं!"

फाट्यावर उतरून ती घराकडे चक्क पळत सुटली. बस सुटली तरी आम्ही सगळे हसत खिडकीतून तिच्याकडेच बघत होतो.