बाबांच्या बोटीवरची वायर

आमच्या ताईच्या नाकाच्या शेंड्यावर कायम राग असतो. ती बोटींवर कॅमेऱ्यांच्या आणि पडद्यांच्या वायरी ओढायचं काम करते. मांजरही दोनदा विचार करेल अशा फटीत ती पोटावर सरपटत शिरते आणि आतून बोट बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

या वेळची बोट बाबा चालवतात तीच होती, म्हणून तिचं डोकं जास्तच तापलेलं. पलीकडच्या काठावर माणसं नेणारी बोट. गेल्या महिन्यात मागे घेताना बाबांनी ती धक्क्यावर आपटली. मी तिथेच दोर बांधतो. माझा पाय थोडक्यात वाचला. बोटीच्या मालकाने बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघीन. बाबा म्हणाले, मान वळत नाही, बाकी काही नाही; मागचं समोर पडद्यावर दिसलं की झालं. ताई मालकाशी भांडली आणि हे काम तिने अंगावर घेतलं.

वायर बाकांखालून, डिझेलच्या टाकीला खेटून न्यायची होती. एवढी लांब वायर चित्र एकाच दिशेने नेते, उलटी टाकली तर चालत नाही. एका टोकावर ‘कॅमेरा’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘पडदा’. ताई आत अडकलेली, त्यामुळे ओढायच्या दोरीला टोक बांधून द्यायचं काम बाबांनी हौसेने घेतलं.

“कॅमेऱ्याचंच टोक आहे ना? वाचा हं!” ताई आतून ओरडली.

“वाचलं गं. मला शिकवू नकोस.”

सगळी सकाळ ओढाओढीत गेली आणि पडदा काळाठिक्कर. वायर उलटी गेली होती.

ताई बाहेर आली तेव्हा तिची कोपरं सोलवटली होती. “एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय, बाबा!”

“तूच नीट सांगितलं नसशील.”

मला दोघांचाही राग आला, बाबांचा जास्त. चुकलं तर चुकलं म्हणावं ना! पण आमच्या घरात चोर तो चोर, वर शिरजोर.

शिव्या घालत ती पुन्हा आत शिरली. दुपार कलली तेव्हा पडद्यावर चित्र आलं, अगदी लख्ख. मागचा धक्का, त्यावरचे टायर, आणि अगदी कडेला कमरेवर हात ठेवून उभा असलेला मालक.

बाबा खुशीत इंजिन सुरू करून बसले. ताईने हात पुसत विचारलं, “बाबा, धक्क्यावर कोण आहे?”

बाबांनी पडद्याकडे टक लावून पाहिलं. “कोणी नाही. मोकळा आहे. घेऊ मागे?”

ताईने झडप घालून चावी काढली. इंजिन बंद पडलं.

“वेड लागलंय का तुला? चालती हो माझ्या बोटीवरून!” बाबा कडाडले.

ती हलली नाही. चावी मुठीत आवळून ती रडायला लागली, आणि रडता रडताच त्यांच्यावर ओरडली, “कधीपासून? कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?”