यल्लाप्पाचा गुडघा आणि कलकत्त्याच्या सुया

यल्लाप्पा मुळातच तापट. निपाणीकडचा गडी, कबड्डीच्या जोरावर बेंगळुरूच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागलेला. चढाईला निघाला की समोरचे आधी त्याच्या डोळ्यांनाच भ्यायचे. पासष्ट सालच्या उपांत्य सामन्यात एकाने त्याच्या घोट्याला मिठी मारली, दुसरा अंगावर कोसळला आणि उजवा गुडघा आतल्या आत कट्‌कन वाजला. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा भोपळा झाला.

बायको भागुबाईने त्याला बेंगळुरूतल्याच श्रीरामपुरात डॉक्टर बिंदुमाधवांकडे नेलं. ते कलकत्त्याहून सुया टोचायची चिनी विद्या शिकून आले होते. त्यांनी चार सुया गुडघ्याभोवती टोचल्या नि एक कोपरापाशी.

"पाय मोडलाय माझा. हाताने तुमचं काय घोडं मारलंय?"

"स्वल्प... जरा गप्प बसा, अण्णा."

दोन-तीन खेपांत ठणका गेला. यल्लाप्पा खूश व्हायच्या बेतात होता, तोच डॉक्टर म्हणाले, "दुखणं उतरलंय, पण आतला बंध तुटलाय. तो सुईने शिवला जात नाही. काठी घ्या, मैदान विसरा."

"मग टोचलंत कशाला?" यल्लाप्पा कडाडला.

तेवढ्यात कारखान्याचे क्रीडा अधिकारी रत्नाकर दवाखान्यात आले. "डॉक्टर, रविवारी अंतिम सामना आहे. आधी टोचून द्या, तासभर दुखलं नाही म्हणजे झालं. आणि यल्लाप्पा, तुला घेतलंय कबड्डीसाठी. अजून कायम झालेला नाहीस."

डॉक्टरांनी यल्लाप्पाचा गुडघा वाकवला, नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. टेबलाचा खण सरकावा तशी ती सरकली. काडीचंही दुखलं नाही, आणि त्यानेच यल्लाप्पाला घाम फुटला.

डॉक्टरांवरचा सगळा राग रत्नाकरांकडे वळला.

"साहेब, हे बघून तरी टोचा म्हणताय?"

"एका तासाचा तर प्रश्न आहे."

"मग तुमच्याच ढुंगणात टोचून घ्या आणि जा चढाईला."

भागुबाईने पदर तोंडाला लावला, पण नवऱ्याला थांबवलं नाही.

कारखाना हरला. सोमवारी यल्लाप्पा काठी टेकत आला, स्टुलावर बसला आणि दातओठ खात वेल्डिंग करत राहिला. त्याला काढून टाका, असं सांगायला रत्नाकर फोरमनकडे आले. सगळे उठून उभे राहिले, हा बसलेलाच.

"उठता येत नाही?"

"येतं की. पण तुमच्यासाठी हा गुडघा वापरायचा नाही, असं ठरवलंय."

फोरमनकडे माणसं आधीच कमी. त्याने यल्लाप्पाला सोडलं नाही. आणि यल्लाप्पा, कायम झाल्यावरही, रत्नाकरांना पाहून कधी उठला नाही.