अर्ध्या करंजाची चित्रं

पक्षाघाताच्या आजारातून उठलेले उदयसिंह पुन्हा झाडांची चित्रं काढायला लागले, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. नेरे गावातल्या त्यांच्या घरासमोर करंजाचं झाड आहे. आधी शाईने खोड आणि फांद्या, मग जलरंगात पाला, असा त्यांचा निवृत्तीपासूनचा नेम. मुलाने, राजसने, व्हिडिओ कॉलवर नवं चित्र पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, कसली भारी स्टाइल! अर्धं झाड आणि अर्धा कागद कोरा!"

लांबून कौतुक करायला काय जातं? उदयसिंहांच्या बायकोने, नीताने, चित्र चष्म्यापाशी धरून पाहिलं. उजवीकडच्या शेंगासुद्धा सुटल्या नव्हत्या, सालीवरची एकेक चीर शाईने नेमकी पकडली होती. खोडाच्या मध्यावर मात्र सगळं थांबलं होतं. डावीकडे एक पान नाही. ताटातली डाव्या बाजूची भाजीही ते तशीच ठेवायचे आणि वर विचारायचे, "आज भाजी केली नाहीस?" ती डावीकडे बसलेली असली, तर तिला घरभर हाका मारायचे.

पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू आहे हेच मेंदूच्या ध्यानात येत नाही. सुधारेल का? "बघू," म्हणाले. या 'बघू'वर माणसाने दिवस कसे काढायचे, ते मात्र कोणी सांगत नाही. नीता रोज त्यांच्या डावीकडे खुर्ची टाकायची, "इकडे बघा हो" म्हणत डावा हात चोळायची आणि संध्याकाळी नवं चित्र घेऊन खिडकीपाशी जायची. न जाणो, एखादी पुसट रेघ असेल, म्हणून कोऱ्या भागावरून बोटही फिरवायची, वेडी कुठली.

चैत्रात करंजाला पालवी फुटली. त्या सकाळी नीता चित्र पुरं व्हायची वाटही न बघता वाकून पाहू लागली. खोडाच्या डाव्या अंगाने शाईची एक रेघ निघाली होती, वाकडी आणि कापरी. ती कागदाच्या कडेपर्यंत गेली, तिला एक फाटा फुटला. मग ब्रश उचलून उदयसिंहांनी टोकाला पोपटी ठिपका ठेवला. इतकी भिकार फांदी त्यांनी उभ्या आयुष्यात काढली नसेल! नीताला तिच्याइतकं देखणं काही दिसलं नव्हतं. मनावरचं ओझं उतरलं आणि तिला रडूच कोसळलं.

उदयसिंहांनी मान डावीकडे वळवून थेट तिच्याकडे पाहिलं.

"अगं, जरा लांब बसून रड," ते वैतागून म्हणाले, "शाई ओली आहे अजून."