मोटारीशी बोलणारे भासरे

घे, निवांत बसून वाच. आणि आजोबा कुठल्या पानावर येतात ते शोधत पानं उलटवू नकोस, ते पहिल्या ओळीपासून आहेत. "काकीआजी, आजोबांबद्दल लिहून ठेव," म्हणालीस आणि त्यानंतर बालाघाटचा रस्ताच विसरलीस. शोभतं का ग पोरी हे?

तुझे आजोबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आयुष्यात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागानं नाही, रीतच तशी होती. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हाताला हात लागू द्यायचा नाही. चहा द्यायचा तर मी कप जमिनीवर ठेवून मागे सरायची, मग ते उचलायचे. आणि तरी सांगते, त्या घरात माझं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते त्यांच्याशीच. मोटारीमुळे.

भरवेलीच्या खाणीतला एक साहेब बदलून गेला, त्याची जुनी मोटार भासऱ्यांनी घेतली. तिला ते 'बाई' म्हणत. कचेरीत जाण्याआधी बॉनेटवर हात ठेवून विचारत, "काहो बाई, झोप लागली का?" सासूबाई ओसरीवरून टोमणा मारत, "बायकोले नाही इचारलं कधी असं." तर म्हणत, "तिले इचारलं का ते थांबत नाही, अन् हे मोटार बोलत नाही."

एकदा परसवाड्याचा बाजार करून येत होतो. मी मागच्या सीटवर, शेजारी सासूबाई. गाडीतून घूं घूं आवाज यायला लागला, जात्यावर दळण चालावं तसा. भासरे मान वाकडी करून ऐकत होते. "पुढून येते का मागून?" स्वतःलाच विचारत होते. मी तर त्या चाकावरच बसलेली, पण सांगणार कशी? शेवटी राहवेना. सीटवर हात ठेवून म्हटलं, "बाई, तुझा मागचा डावा पाय दुखून राह्यला वाटते."

मग भासऱ्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "बाई, वळणावर जास्त दुखते का?"

"उजवीकडं वळताना जास्त," मी म्हटलं.

"गाडीसंग बोलून राह्यली का वो?" सासूबाई म्हणाल्या.

"हौ जी."

गाडीशी बोलू नये अशी काही रीत नव्हती. त्या बाजाराची पिशवी आवरायला लागल्या, आणि आमचं बोलणं सुरू झालं.

चाकाचं बेअरिंग गेलं होतं. मिस्त्रीच्या हाती ते गाडी देत नसत. "जो बसते, त्यानंच बसवावं," हे त्यांचं ठरलेलं. रविवारी अंगणातच काम काढलं. तुझे काकाआजोबा उकव्याच्या खाणीवर कामाला होते, म्हणजे मदतीला मी आणि बाई. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, चाक उतरवलं, ड्रम काढला, आतला दांडा ओढून हब बाहेर काढला. जुनं बेअरिंग बोटांनी फिरवलं तर करकरत होतं. नवं मात्र हबमध्ये शिरेना. "बाई, घरात कढत पाणी असन का? लोखंड तापलं का जरा फुगते." मी चुलीवरचं आंघोळीचं पाणी घमेल्यात आणून ठेवलं आणि मागे सरले. हब त्यात बुडवला, मग पुसून ग्रीस भरलेलं बेअरिंग आत सोडलं, तर कुंकवाच्या करंड्याला झाकण बसावं तसं बसलं. एवढे खूश झाले, की घमेलं तिथंच पालथं केलं.

ते पाणी जॅकखाली मुरलं. भासरे हात आत घालून नट आवळत होते आणि मला जॅक कलताना दिसला. अशा वेळी माणूस माणसाला हाक मारतो ना? माझ्या तोंडून निघालं, "बाई, बसू नको, बसू नको!" त्यांनी झटकन हात ओढला आणि गाडी धपकन बसली. कोपर तेवढं खरचटलं. उठून माती झटकत म्हणाले, "बाई, आज हात वाचवला तू." मी पदराआडून म्हटलं, "बाई, त्यांना म्हण, आधी फळी ठेवावी जॅकखाली." ते हसले. त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग वर्षानुवर्षं असंच चाललं. गोंदियाला माहेरी माझे वडील वारले त्या संध्याकाळी ते कितीतरी वेळ गाडीची काच पुसत होते. म्हणाले, "बाई, पहाटे गोंदियाले जायचं आहे. मन होईल तेवढं राहायचं तिथं. इकडं आईले मी समजावतो."

पुढे त्यांची नजर गेली आणि मोटार विकली. आमचं बोलणं तिच्यासोबत गेलं. सासूबाईही उरल्या नव्हत्या, कोणी हरकत घेणार नव्हतं. पण मी कप खाली ठेवून मागे सरायची आणि ते चाचपडत तो शोधायचे. कधी "बाई" म्हणून सुरुवात करत, मग आपसूक थांबत.

तुझे बाबा त्यांना जबलपूरला घेऊन गेले. छोट्या लाइनच्या, अरुंद रुळांच्या गाडीत ते खिडकीशी बसलेले, मी फलाटावर. एक वाक्य मनात जुळवून आले होते, "दादा, सांभाळून राहा जी." ते खाकरले. मला वाटलं बोलतील, म्हणून मी थांबले. त्यांनाही तसंच वाटलं असेल. गाडी हलली.

ते परत आले नाहीत. ते वाक्य मी नंतर पुष्कळदा म्हणून पाहिलं, भांडी घासताना, वाती वळताना. अगदी सोपं आहे ग.

तू लवकर ये. आणि आलीस की दारातूनच मला हाक मार. मला अजूनही आधी सुरुवात करता येत नाही.