मी सांगितलतं

दस्तगीर गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळलं. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागलेली. मी काहीच टाकलं नाही, मातीलाही गेलो नाही. महिना उलटल्यावर पुरवणीवाले म्हणाले, तुमचा जुना जोडीदार, चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द शोधत बसलो तर हा लेख व्हायचा नाही, म्हणून जे आहे ते लिहितो. चार वर्षं मी या माणसाशी बोललो नव्हतो, आणि मजेत होतो.

वडवणीत त्याच्या वडिलांचं मोटारसायकलचं गॅरेज. हा मात्र कॉम्प्युटरकडे वळला आणि मला येऊन चिकटला. बीडच्या एका क्लासच्या ऑनलाइन परीक्षा मी सांभाळायचो. सर्व्हर भाड्याचा, तिकडे पुण्यात. त्याची मेमरी किती भरली, डिस्क किती उरली हे इथं बसून बघायचं. त्यासाठीचा प्रोग्राम मी त्याच सर्व्हरवर बसवला होता. सर्व्हर बंद पडला की तो मला मेसेज करणार, अशी माझी समजूत. दस्तगीरनं ते पाहिलं आणि क्लासच्या सरांसमोर, भरल्या ऑफिसात, मोठ्यानं हसला. "तू मेलास तर मेल्याचं तूच फोन करून सांगणार हायस का बे?" सगळे हसले. तो बरोबर होता, हे लिहायला आजही जिवावर येतं.

मग त्यानं पहारा बाहेर नेला, वडवणीतल्या आपल्या घरी, एका जुन्या लॅपटॉपवर. दर पाच मिनिटांनी लॅपटॉप सर्व्हरला हाक मारणार, सर्व्हरनं शाळेतल्यासारखं 'हजर' म्हणायचं आणि आपले आकडे सांगायचे. उत्तर आलं नाही किंवा डिस्क नव्वदच्या वर गेली, की लॅपटॉपला जोडलेल्या मोबाइलवरून मला फोन. छान. फक्त वडवणीत लाइट गेली की घरातलं इंटरनेट जायचं, लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहायचा आणि 'हजर' ऐकू येत नाही म्हणून सर्व्हर मेल्याची बोंब ठोकायचा. मी सांगून थकलो, अरे, बिघाड तुझ्या लाइनीत आहे, आधी स्वतःचं इंटरनेट तपासायला लाव त्याला. उत्तर ठरलेलं. "खोट्या फोननं कुनी मरत न्हाई. वाजला की उचलायचा." भाचीच्या साखरपुड्यात असे सात फोन आले. सात वेळा पाहुण्यांमधून उठलो, सातही वेळा सर्व्हर ठणठणीत. तिथंच उभ्या उभ्या त्याचे दोन्ही नंबर, त्याचा आणि त्या लॅपटॉपचा, 'दस्तगीर' याच नावानं ठेवलेले, ब्लॉक करून टाकले.

पुढच्याच रविवारी क्लासची मोठी परीक्षा होती. पहिल्या येणाऱ्यांना वर्षभर मोफत शिकवणी. पार घाटनांदूरहून मुलं एसटीनं आलेली. अर्ध्या पेपरात डिस्क भरली, सर्व्हर बसला, उत्तरं गेली. एक मुलगी कोऱ्या पडद्यासमोरून उठेचना... आणि त्या गोंधळात फाटकाशी दस्तगीर उभा, मोटारसायकलवर, धुळीनं माखलेला. माझं टाळकं सरकलं. "तमाशा बघायला आलास? तुला दिसत होतं ना सगळं?"

तो एवढंच म्हणाला, "मी सांगितलतं."

झालं, मला वाटलं, पुन्हा तीच मिजास. सरांनी माझं काम काढून घेतलं. मग बीडमध्ये जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो, की दस्तगीरनं डिस्क भरताना पाहिली आणि मुद्दाम गप्प बसला. त्याची दोन-तीन कामं त्यापायी सुटल्याचं कानावर आलं, तेव्हा मला बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा, शबानाभाभींचा फोन आला. "दादा, लाइट गेली की त्यांचं ते मशीन वराडतंय. आमाला काई कळत न्हाई, तेवढं बंद करून द्या." गेलो. खिडकीशी स्टुलावर तोच लॅपटॉप, चालू. त्यातल्या नोंदी उघडल्या आणि सरळ तो रविवार काढला. परीक्षा सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटांपासून ओळी होत्या. डिस्क ९४, फोन केला, लागला नाही. डिस्क ९५, फोन केला, लागला नाही. अशा चार. खाली शेऱ्यात त्यानं हातानं टाइप केलेलं: 'लागत न्हाई. गाडीवर बीडला निघालो.'

नंबर ब्लॉक केल्याचं त्या दिवशी माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. नंतर कधी आठवलं असेल, तर मी ते आठवू दिलं नाही.

पण दस्तगीर, फोन केलता, एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? गावभर तुझी बदनामी करत होतो, एकदा येऊन माझी कॉलर धरायची! मी सांगितलतं... असं अर्धं बोलून कुणी निघून जातं का? मला तुझा राग येतो. तू मेलास तरी येतो. आणि त्याहून जास्त ज्याचा येतो, तो हा लेख लिहितोय.

लॅपटॉपनं फोन कुणाला करायचा, त्या यादीत अजून माझाच नंबर होता. चार वर्षं लॅपटॉप मला फोन करत होता आणि दर वेळी 'लागला नाही' लिहून ठेवत होता. भाभींना म्हटलं, राहू द्या चालू, आवाज तेवढा बंद करतो. बाहेर येऊन दोन्ही नंबर मोकळे केले.

तो सर्व्हर आता माझ्याकडे नाही, त्याचं काही बिघडलं तरी मला देणंघेणं नाही. वडवणीत लाइट गेली की माझा फोन वाजतो, पडद्यावर 'दस्तगीर' येतं. फोन खोटा आहे हे मला ठाऊक असतं. मी उचलतो.